खिडकीची मूठ

“गेलं का तेही?” गुडरूनने स्वयंपाकघरातून विचारले.

“जाईल कशाला? मान टाकलीय जराशी,” हार्टमुट कपाटात डोके खुपसूनच ओरडला, पण आवाजात दम नव्हता. आधीची दोन रोपे अशीच गेली होती. पानांच्या कडा आत वळल्या, देठ जांभळे पडले, शेंडा वाकला, आणि मग एके दिवशी सगळे संपले. आता गांज्याचे हे तिसरे आणि शेवटचे रोप त्याच वाटेला लागले होते.

हार्टमुटने आयुष्यभर जर्मनीतल्या केम्निट्झ शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच, आणि ते सापडेपर्यंत या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे. निवृत्त झाल्यावर शहरातल्या लिफ्ट सुटल्या आणि घरातल्या वस्तू तावडीत सापडल्या. चांगली चालणारी कॉफीची मशीन त्याने खोलून पुन्हा जोडली, तेव्हापासून ती निम्मी कॉफी टेबलावर सांडते.

आणि मग बायको, गुडरून, तावडीत सापडली. तिच्या बोटांचे सांधे आखडत चालले होते. बटाटे सोलणे सुटले, मग शिवण सुटले, मग गुंड्या लावणे. ती पावाकडे हात नेई तोवर याने त्याला लोणी फासून ठेवलेले असे. “मी काय तुझी लिफ्ट आहे?” ती चिडून म्हणायची. त्याला मात्र हातावर हात ठेवून बसणे जमतच नव्हते. दुखण्याच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या, आणि झोप म्हणून नव्हती. तिचे ते कूस बदलणे ऐकत तोही जागाच असायचा.

तळमजल्यावरच्या लोथारच्या बहिणीला असल्याच दुखण्यावर गांज्याच्या तेलाने झोप लागू लागली होती. घरात माणशी तीन झाडे लावायची तिथल्या कायद्याने मोकळीक दिलेली, लोथारची झाडे तर छताला टेकलेली. त्याने आपल्यातले थोडे देऊ केले, पण देणेघेणे कायद्यात बसत नाही. हार्टमुट रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला उभा राहणारा माणूस. त्याने शिवणाच्या खोलीतले कपाट रिकामे केले, आत दिवा टांगला आणि स्वतःच तीन बिया पेरल्या.

आता तो दिवा वर-खाली करी, माती बदली, पाणी उकळून निववून घाली, खत देई आणि लगेच पस्तावून ते धुऊन काढी. रोप काही ऐकत नव्हते.

“अरे, रोप आहे ते, यंत्र नाही,” पावाच्या दुकानासमोर लोथार म्हणाला. “किती छळशील? पाणी कमी घाल आणि हात खिशात ठेव.”

“कमीच घालतोय. माझं काही चुकत नाहीये.”

“मग काय, भूत येतं रोज कपाटात?”

हार्टमुटला ते लागले. रोज सकाळी ताजे पाव आणायला जायचे, लोथारशी हुज्जत घालायची आणि रमतगमत परतायचे हा त्याचा नेम होता. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बर्फाची काच झालेली आणि दुकान बंद. तो तसाच मागे फिरला.

दार उघडताच गारठा अंगावर आला. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. शिवणाच्या खोलीत गुडरून कोट घालून खिडकीशी उभी होती, गाल लाल झालेले, डोळे मिटलेले. शेजारी कपाटाची दोन्ही दारे उघडलेली, आणि ते शेवटचे रोप वाऱ्यात थरथरत होते.

घराला सकाळची हवा देणे हा गुडरूनचा लग्नापासूनचा नेम. पूर्वी खिडक्या उघडल्या आणि लावल्या, इतकेच काम होते. आता एकेक मूठ फिरवायला तिला कितीतरी वेळ लागे आणि लावायला त्याहून जास्त. तो परतेपर्यंत ती सगळे लावून, हीटर वाढवून बसलेली असे. त्याला कळणार कसे?

“लवकर आलास?” तिने डोळे उघडले. “बघ काय हवा आहे! त्या बिचाऱ्यालाही देते रोज थोडी. दिवसभर कपाटात घुसमटतं रे.”

सापडला बिघाड: रोजचा हा गारठा. एरवी तो आनंदाने ओरडला असता. पण ती हसत होती, आणि कित्येक महिन्यांत त्याने तिला असे हसताना पाहिले नव्हते. या घरात तिच्या हाताने होणारे एवढे एकच काम उरले होते.

“छान आहे हवा,” तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी पाव आणायला निघण्याआधी त्याने कुंडी गुपचूप न्हाणीघरात नेली. तिथे खिडकी नव्हती. परत आल्यावर ती तशीच गुपचूप कपाटात ठेवली. आपली हुशारी त्याला फार आवडली. दोन-चार दिवसांत शेंडा जरा उभाही राहिला.

पण एका सकाळी तो आला तेव्हा घर उबदार होते. जरा जास्तच. गुडरून टेबलाशी बसली होती, हात मांडीवर.

“आज खिडक्या नाही उघडल्यास?”

“कंटाळा आला.”

कंटाळा? गुडरूनला? तो शिवणाच्या खोलीत गेला. कुंडी कपाटात होती, दारे बंद. न्हाणीघरापासून इथवर जमिनीवर माती सांडली होती. ती जड कुंडी तिने तशा हातांनी उचलून आणली होती.

“सांगायचं होतंस ना,” ती मागून म्हणाली. “चार दिवस कपाट रिकामं बघतेय, आज कुंडी न्हाणीघरात सापडली. माझ्यापायी मेली ती दोन. आणि तू मला फसवत बसलास.”

त्याला भडभडून आले. काहीतरी बोलावेसे, तिचे हात धरावेसे वाटले. त्याऐवजी त्याने कुंडी उचलली, न्हाणीघरात ठेवली, दार ओढून घेतले आणि परत येऊन खिडकीच्या मुठीशी खटपट करू लागला.

“गुडरून, ही फिरत नाहीये गं.”

“काय नाटक आहे?”

“खरंच अडकलीय. बघ ना.”

तिने त्याच्याकडे पाहिले. या माणसाने आयुष्यभर जडशीळ लिफ्टची दारे उघडली होती. ती पुढे आली. मुठीवर हात ठेवला, बोटे घसरली. पुन्हा ठेवला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ आवळले गेले. मूठ अर्धी फिरून थांबली.

हार्टमुटचे हात शिवशिवत होते. त्याने ते कोटाच्या खिशात घातले आणि तिथेच ठेवले.