सरावापुरतं दुःख

"दुःख खरं आणा, पण बशीएवढं आणा. परातभर नको," असं डॉक्टर सिगुर्डसन पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या.

आमच्या समुपदेशनाच्या वर्गात तिघातिघांचे गट असतात. एकाने समुपदेशक व्हायचं, दुसऱ्याने आपली खरी अडचण सांगायची, तिसऱ्याने टिपणं काढायची. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, त्यावर समुपदेशकाला पाचपैकी गुण मिळतात. असं खऱ्या अडचणींवर शिकवल्याने समुपदेशक जास्त चांगले घडतात का, हे डॉक्टरांचं संशोधन. रेकॉर्डिंगं त्यातही जातात. तशी संमती आम्ही सप्टेंबरातच दिली होती. असले कागद कुणी वाचत नाही. मी वाचला होता. माझ्या बाळाच्या, मिलाच्या, तापाच्या औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा मी पूर्ण वाचते. नको असलेलं रेकॉर्डिंग जमा करण्याआधी पुसता येईल, असं त्यात लिहिलं होतं.

ऑक्टोबरात गटातली तिसरी मुलगी फ्लूने आडवी झाली. खोलीत मी आणि ओडेट दोघीच. ओडेटला आधी दोन्ही खेपांना पाचात दोन मिळाले होते. या वेळी साडेतीनच्या खाली राहिली असती, तर जानेवारीत तिला क्लिनिकमध्ये खऱ्या क्लायंटसमोर बसू दिलं नसतं.

"करीना, आज पुन्हा नवऱ्याने भांडी घासली नाहीत हे रडगाणं नको हं," ती म्हणाली. "मागच्या वेळी मला जांभई आली. तीही रेकॉर्ड झाली."

मी हसले. ओडेट माझी मैत्रीण होती. मिलाचा पहिला दात तिनेच आधी पाहिला होता. कदाचित म्हणूनच मी सांगून टाकलं.

फेब्रुवारीत, बाहेर उणे तीस असताना, पाच आठवड्यांची मिला सकाळपासून रडत होती. मी तिला तिच्या पलंगात ठेवलं, मधली दोन्ही दारं लावली आणि गराजमध्ये जाऊन बंद गाडीत बसले. रेडिओ मोठा केला. चाळीस मिनिटं. परत आले तेव्हा घर शांत होतं. ती झोपलीच आहे ना, हे बघायला मला तिच्या नाकाखाली बोट धरावं लागलं. जोएलला, माझ्या नवऱ्याला, हे मी कधी सांगितलं नाही.

ओडेट काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "हे मी पुसते हं. हे वर्गासाठी नाही." आणि आम्ही पुन्हा भांड्यांवर वीस मिनिटं रेकॉर्ड केली.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी वर्गात टाइप केलेले कागद वाटले. "नावं काढली आहेत. या वर्षीचं सर्वांत चांगलं सत्र. पुढच्या वर्गांनाही मी हेच शिकवणार आहे."

तिसऱ्या ओळीत माझंच वाक्य होतं. 'क्लायंट: रेडिओ मोठा केला. (अकरा सेकंद शांतता.)'

"ही अकरा सेकंदं म्हणजे सोनं आहे," पुढून कुणी तरी म्हणालं.

"समुपदेशकाचं सोनं, आणि त्या पोराचं काय?" माझ्या मागून ग्रँट बोलला. "चाळीस मिनिटं! माझ्या बहिणीने असं केलं असतं तर मी पोर उचलून आणलं असतं."

"रचलेलं असेल रे ते."

"काहीतरीच. रेडिओ कोण रचतं?"

सगळे हसले. ओडेट मान खाली घालून, पिवळ्या पेनाने तिला मिळालेली शाबासकी कागदावर टिपून घेत होती.

तास संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. "तू पुसलं नव्हतंस."

"नाव नाही ना कुठे?"

"मला माहीत आहे ना ती कोण ते!"

तिने मान किंचित कलती केली, आवाज खाली आणला. "मला ऐकू येतंय, तुला फार उघडं पडल्यासारखं वाटतंय."

हे आम्ही तिसऱ्या आठवड्यात शिकलो होतो. मानेसकट.

"माझ्यावर सराव करू नकोस, ओडेट."

तेव्हा तिचा नेहमीचा आवाज परत आला. "अगं, मी खरंच रडले होते. ते नाटक नव्हतं."

"नाटक असतं तर बरं झालं असतं."

"हे बघ, तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणार नाही. बोललीस तर माझी जानेवारी जाईल, आणि ती बाई तू आहेस हे सगळ्यांना कळेल. ठरव तूच."

संमती मागे घ्यायच्या अर्जावर पहिलीच ओळ नावाची असते. दोन दिवस तो माझ्या पिशवीत होता. पुढच्या वर्षीही कुणी तरी हसेल, मग त्याच्या पुढच्या वर्षीही, हा विचार डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी तो भरून मी डॉक्टरांपुढे ठेवला.

त्यांनी वाचून चष्मा काढला. "रेकॉर्डिंग आजच काढते. ओडेटशी मी बोलेन. पण करीना, आता मला माहीत झालंय, तर विचारावंच लागेल." पुन्हा असं झालं का, झोप मिळते का, आता बाळ रडलं की काय करतेस. मी उत्तरं देत त्यांच्या पेनाकडे बघत होते. ते फारसं चाललं नाही.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. नवऱ्यालाही नाही."

"आज सांग. उद्या मी तुम्हा दोघांना फोन करेन. त्याआधी त्याला तुझ्या तोंडून कळू दे."

घरी जोएल मिलाला भोपळा भरवत होता. मी कोटही न काढता, उभ्यानेच सगळं सांगितलं. गाडी, ओडेट, कागद, उद्याचा फोन. तो चाळीस मिनिटांचं विचारेल म्हणून उत्तर जुळवून आले होते. त्याने ते विचारलंच नाही. मिलाच्या हनुवटीवरचा भोपळा चमच्याने निपटून घेत तो म्हणाला, "मागच्या रविवारी ओडेट जेवायला आली होती."

"हो."

"मिलाला मांडीवर घेऊन इथेच बसली होती."

"हो."

"म्हणजे तेव्हा तिला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि मला नव्हतं."

मिलाने आ केला. त्याने तिला पुढचा घास दिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.