साबणाने लाल न होणारी हळद

माझ्या पाठीवर पिवळा पट्टा उमटला, त्या सोमवारपासून मला दिलेली कुठलीच गोष्ट लागू पडेनाशी झाली. चहाने तरतरी येईना. डोकेदुखीची गोळी पोटात जाऊन नुसती पडून राही. आई फोनवर "काळजी करू नकोस" म्हणाली, ते शब्द कानापर्यंत आले आणि तिथूनच माघारी गेले. माझं स्वतःचं दुखणं मात्र शाबूत होतं, त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

मी फार्माकॉलॉजीत एम. फार्म. करत होते. शेवटचं वर्ष. आमच्या विभागातले उंदीर आदल्या वर्षी राजीनामे देऊन निघून गेले होते, तेव्हापासून औषधाचा डोस विद्यार्थ्यांनीच घ्यायचा असा शिरस्ता पडला होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. थोरवे सर आमचे गाइड. त्यांच्याकडे आम्ही दोघी, मी आणि माझी रूममेट हर्षाली. विषय एकच, स्मरणशक्ती वाढवणारा एका पाल्याचा अर्क. रोज सकाळी सर आम्हाला शेजारी शेजारी उभं करून चमचा पाजत. दोघींच्या बाटल्या सारख्याच हिरव्या होत्या.

विभागाच्या मधोमध हौद होता. त्यातल्या पाण्यात दुधाची पावडर कालवायची, त्या पांढऱ्या पाण्याखाली उभं राहण्यापुरता काचेचा प्लॅटफॉर्म लपवायचा आणि उंदराला पोहत सोडायचं. भिंतीवरच्या खुणा बघून त्याने जागा लक्षात ठेवायची. आता उंदरांऐवजी आम्ही होतो. शेवटच्या परीक्षेत जिला प्लॅटफॉर्म सापडेल तिला डिग्री, जिला सापडणार नाही तिने बाडबिस्तरा गुंडाळून घरी जायचं. घरी आईने माझ्या नावाची पाटी आधीच रंगवून घेतली होती, डिग्रीसकट.

हर्षालीला अर्क लागू पडला. न वाचलेली पुस्तकंही ती धडाधड म्हणून दाखवू लागली. मी जन्मले तेव्हा बाहेर कुठला फेरीवाला ओरडत होता, तेही तिने सांगितलं. मी गच्चीवर येरझाऱ्या घालत एकच पान आणि हौदाभोवतीच्या भिंतींवरच्या खुणा घोकत राही.

"मला कसा गं गुण येत नाही?" मी विचारायची.

"काहींना उशिरा येतो."

"सरांच्या हातालाच गुण नसेल."

"गप गं आशू. तू आहेस म्हणून तर मी आहे इथे. तुझ्याशिवाय माझं काय खरं आहे?"

हे वाक्य तेवढं मला लागू पडायचं. निदान तसं मी धरून चालले होते.

मधल्या काळात आमची खोली बदलली. माझ्या बाजूचं छत जाळीचं झालं आणि इतकं खाली आलं की केस विंचरायलाही बसावं लागे. उशाशी पाण्याची बाटली उलटी टांगलेली असायची. तिच्या नळीला तोंड लावलं की एकेक थेंब यायचा. हर्षालीच्या बाजूला पूर्वीचाच पंखा होता आणि खिडकीत तिची तुळस.

"तुझ्याकडे ओल आलीय बहुतेक," ती म्हणाली. मी मान डोलावली, कारण जाळीखाली मान तेवढीच हलत होती.

पाठीवरचा पट्टा मी घासघासून काढायची. शनिवारपर्यंत तो फिका पडे. रविवारी हर्षाली माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, मग म्हणायची, "पालथी पड, पाठही चोळते." तिचा हात मऊ होता. परमुलखात कोण कुणाची पाठ चोळतं! मला भरून यायचं. सोमवारी पट्टा पुन्हा लखलखीत असे.

"कुणाची हळद लागली गं तुला?" मेसच्या मावशी माझ्या मानेवर डोकावणाऱ्या पट्ट्याच्या टोकाकडे बघून हसायच्या.

एका रविवारी जेवण झाल्यावर आम्ही बेसिनपाशी हात धूत होतो. हर्षालीची बोटं पिवळी दिसली.

"मेसवाले आमटीत हळद किती घालतात बघ," ती म्हणाली आणि तिने साबण लावला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. त्यासाठी एम. फार्म. व्हावं लागत नाही, ज्या बाईने हळदीचा रुमाल धुतलाय तिला विचारा. हर्षालीची बोटं फेसात पिवळीच राहिली. असा पिवळा आमच्या विभागात एकच, पिक्रिक ॲसिड. त्याने उंदरांवर गटाची खूण करतात. डोक्यावर ठिपका म्हणजे औषधाचा गट, पाठीवर पट्टा म्हणजे कंट्रोल. कंट्रोलला औषध नसतंच. त्याला औषधासारखं दिसणारं पाणी पाजतात आणि औषध घेतलेल्याला त्याच्या शेजारी उभं करून म्हणतात, बघा, केवढा फरक पडला! पहिल्या वर्षी मी स्वतः कितीतरी पाठी रंगवल्या होत्या. माझी पाठ काही मला ओळखू आली नव्हती.

"मी कंट्रोल आहे?"

हर्षालीने नळ बंद केला. "खूण आठवड्याने पुसट होते. कुणीतरी ताजी करायला हवी ना."

"तू तेल लावायचीस मला."

"तेलही लावायचेच की."

"सरांनी ठरवलं?"

"सरांनी विचारलं, दोघींतली कंट्रोल कोण. मी तिथे होते. तू माझे कपडे इस्त्रीला द्यायला गेली होतीस."

"हर्षाली, आपण एका ताटात जेवलो."

"म्हणून तर तुझं नाव सांगितलं. दुसरी कुणी इतकी टिकली नसती."

मला संताप आला. तो मला कुणी दिलेला नव्हता, त्यामुळे चांगला लागू पडला.

परीक्षेच्या दिवशी हौद भरून ठेवला होता. आधी हर्षाली उतरली, सरळ पोहत गेली आणि पांढऱ्या पाण्यात कमरेइतकी उभी राहिली. सरांनी टाळी वाजवली. ती बाहेर आल्यावर त्यांनी पाण्यात हात घालून प्लॅटफॉर्म काढला, कोरडा पुसला आणि काखेत धरला.

"सर, माझी परीक्षा व्हायचीय."

"उतरा ना."

"प्लॅटफॉर्म तुमच्याकडे आहे."

"कंट्रोलला सापडत नसतो," सर म्हणाले. "तसंच यायला हवं."

"पण मला जागा पाठ आहे. मी घोकलीय."

"ते कुठे दाखवणार आता?"

मी उतरले. पाणी गार होतं आणि आंबूस वासाचं. काठ लांब गेला, भिंती त्याहून लांब. पण भिंतीवरच्या खुणांतला त्रिकोण दिसत होता आणि त्याच्या उजवीकडे बिनपानांचं कॅलेंडर. दोन्हींच्या मधून मी तिरकी गेले. एवढं तरी माझं होतं, चमच्याने कुणी पाजलेलं नव्हतं. जागा आली तशी मी पाय सोडले.

पाय टेकले. पाणी कमरेशी आलं. मी उभी होते.

काठावर हर्षाली पिवळ्या बोटांत स्टॉपवॉच धरून होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"हर्षाली, बघ, मी उभी आहे."

"नाही सापडला, सर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सरांनी मान हलवली. त्यांच्या काखेतल्या कोरड्या काचेवर आतून धुकं धरलं. मग तिच्यावर दोन ओली पावलं उमटली, आधी टाचा, मग बोटं, आणि त्यांच्या पांढऱ्या ॲप्रनवरून दूध खाली ठिबकू लागलं.