जिंकलं कोण, मी का ट्रॅक्टर?

"ट्रॅक्टर चांगला हाय म्हणून जमतंय तिला." चार वर्सं हेच ऐकत आले मी. शेजारीण म्हणायची, भावकी म्हणायची, आन् आमचे सासरे आबाजी तर जेवताना सुदीक म्हणायचे. आवो, तुमच्या ट्रॅक्टरला एवढी अक्कल हाय तर त्यालाच भाकरी वाढते की! पण हे सगळं मनातल्या मनात. सासऱ्याच्या तोंडावर कसं म्हणायचं?

आमचं गाव लासुर्णं. आमचे मालक बारामतीला कंपनीत लागले तवापास्नं घरचा ट्रॅक्टर मीच चालवते. नांगरट, सरी, उसाची भरलेली ट्रॉली चिखलातनं भाईर काढायची, सगळं. पण कारखान्यावर ऊस न्यायचा म्हणलं की आबाजी भाईरचा ड्रायव्हर बोलवायचे. शहाण्णव सालच्या हंगामाला मी हटूनच बसले. आबाजींना म्हणलं, "मामा, औंदा ऊस मी नेणार."

आबाजी म्हणाले, "अंथुर्ण्याचा रावजी ठरवलाय मी. तितं ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी ट्रॉली उलटी लावावी लागती. बाईमाणसाचं काम न्हाय त्ये."

"मग दसऱ्याच्या स्पर्धेत बघा," मी म्हणलं. "रावजीनं बांबू कमी पाडले तर ऊस त्यो नेईल. मी कमी पाडले तर मी."

आमच्याकडं दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली की तरुण मंडळ माळावर स्पर्धा ठेवायचं. पांढऱ्या फक्कीचे दोन पट्टे, कडंनं बांबू रोवलेले, मधी एक वळण. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्यातनं उलटा न्यायचा. बांबू पडला की गुण गेला. ट्रॅक्टर पुढं घेतला की सरळ बाद. आबाजी हसले आन् चालंल म्हणाले. हरणारच ही, असं धरून चालले असतील.

दसऱ्याला रावजी आला त्यो दादासोंचा नवाकोरा ट्रॅक्टर घिऊन. दादासो आमच्या गावचे मोठे बागायतदार. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "माझ्या ट्रॅक्टरवर कुणालाबी बसवा. आज मशीनच जिंकणार."

रावजी वाईट ड्रायव्हर नव्हता, खोटं कशाला बोलू? झोकात मागं गेला. वळणावर तेवढा एक बांबू पाडला. मग मी आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर बसले. त्याच्या स्टिअरिंगचं चाक पाव फेरा नुसतं मोकळं फिरतं, मग कुठं पुढची चाकं वळत्यात. म्हणून वळण यायच्या आधीच हात फिरवून ठेवावा लागतो. हाताला सवय हाय. गेले मागं मागं, एकबी बांबू हालला न्हाय.

बाया ओरडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी खाली उतरले आन् आबाजींकडं बघितलं. तेवढ्यात रावजी म्हणाला, "वहिनींचं काय न्हाय ओ त्यात. ट्रॅक्टर मुरलेला हाय. बैल कसा आपला गोठा वळखून सोताच जातो, तसं."

आन् आबाजींनी मान हालवली! म्हणाले, "ते बी खरंच हाय. ट्रॅक्टर आपला एक नंबर हाय. मग ह्याच्यावर रावजी बसला तर काय बघायलाच नको."

आगं आई गं! हरले असते तर बाई म्हणून हरले, जिंकले तर ट्रॅक्टर जिंकला. डोळ्यात पाणी आलं माझ्या, पण रागाचं. पदर खोचला आन् सगळ्यांसमोर इचारलं, "मामा, जिंकलं कोण, मी का ट्रॅक्टर?"

"आता जाऊ दे की, झाली न्हवं हौस फिटून?"

"न्हाय फिटली. रावजीभावजी, तुमी आमच्या मुरलेल्यावर बसा. मी नव्यावर बसते. हितंच, आत्ता."

दादासोंना लई गंमत वाटली. त्यांनी लगेच चावी दिली. नव्या ट्रॅक्टरवर मी जल्मात पैल्यांदा बसत हुते. रिव्हर्स टाकला, निघाले. वळण आलं तसा सवयीनं हात आधीच फिरला. पण हे चाक कुठं मोकळं फिरतंय? बोट लावलं की वळतंय! ट्रॉली तिरकी झाली आन् धाडकन एक बांबू गेला. माळभर हशा पिकला. कुणीतरी म्हणलं, "बघा, ट्रॅक्टर बदलला की कळली ड्रायव्हरकी."

मी ब्रेक दाबला. थांबायला काय बंदी नव्हती. स्वतःला म्हणलं, जयवंते, आज खाली उतरलीस तर जल्मभर डोक्यावर शेणाची पाटीच उचलशील. चाक जरा डावीकडं, जरा उजवीकडं फिरवून बघितलं, किती फिरवलं की किती वळतं त्ये. लोक हसत हुते, हसू दे. मग हात सैल सोडला, तिरकी झालेली ट्रॉली कलाकलानं सरळ केली आन् शेवटपतोर नेली. दुसरा बांबू पडला न्हाय.

आता रावजी आमच्या ट्रॅक्टरवर. सुरवातीचं सरळ गेला. वळणावर चाक फिरवलं तर काय वळंना. घाबरून आजून फिरवलं, तर एकदम वळलं. एक बांबू, दुसरा, तिसरा! ट्रॉली काटकोनात अडकली. सरळ करायला त्यानं ट्रॅक्टर पुढं घेतला, तसा पंचांनी हात वर केला. बाद.

रावजी तांबडालाल झाला. चाकावर हात आपटून ओरडला, "ह्यो काय ट्रॅक्टर हाय व्हय? चाक एकीकडं, गाडी एकीकडं! ह्यो कुणाच्या बापाला चालवता यायचा न्हाय!"

मी नव्या ट्रॅक्टरवरनं खाली उतरले.

"मग चार वर्सं मी काय चालवत हुते, भावजी?"

आबाजी जुन्या ट्रॅक्टरपाशी गेले, चाकाला हात घालून इकडं तिकडं हालवून बघितलं. एवढ्या वर्सांत पैल्यांदा. बराच येळ हालवत हुते.

"रावजी, खाली उतर," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पैली खेप कवा न्यायची म्हणतीस?"

"उसाला तोड आली की लगेच," मी म्हणलं. "पण त्याच्या आधी हे स्टिअरिंग नीट करून आणायचं. मला जमतंय म्हणून कायम तसंच चालवायचं, हे औंदापास्नं बंद."

"व्हय," आबाजी म्हणाले. "उद्याच आणू."