पिवळ्या पडलेल्या चाळीस चादरी

दोघी जावांतल्या धाकटीला आपल्या पांढऱ्या कपड्यांचा भारी तोरा होता. तिची लाँड्री म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर आणि वाळत घालायच्या सहा तारा. पण त्या तारांवर प्रसूतिगृहाच्या चादरी चढल्या की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा. बघायलाच हवं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

मग रस्ता खोदणाऱ्यांनी नळाची पाइपलाइन फोडली आणि दोन महिने तरी पाणी नाही, असं सांगून ते जेवायला निघून गेले. धाकटीनं विहिरीवर पंप बसवला. पाणी कसं, तर तळ दिसेल इतकं स्वच्छ. त्याच्यावर कुणी संशय घेतला असता तर तिनंच त्याला वेड्यात काढलं असतं.

पहिल्या आठवड्यात चादरी जरा मळकट दिसल्या, म्हणून तिनं ब्लीच घातलं. दुसऱ्या आठवड्यात पिवळट झाल्या, म्हणून ब्लीच दुप्पट केलं. तिसऱ्या आठवड्यात गंजासारखे तांबूस ठिपके उठले, तेव्हा तिनं अख्खा कॅन ओतला.

"अगं, औषध वाढवतेस तसा रोग वाढतोय," नवरा म्हणाला.

"तुम्ही आपली इस्त्री सांभाळा," ती म्हणाली. तो बिचारा इस्त्री सांभाळायला गेला.

त्या शनिवारी प्रसूतिगृहाची मेट्रन स्वतः आली. ती आवाज चढवत नसे, आणि त्यामुळेच तिची भीती वाटे. तिनं एक चादर उलगडून धरली. "ही धुतलेली आहे का, असं बाळांचे बाप मला विचारतात. गुरुवारी चाळीसच्या चाळीस पांढऱ्या आल्या तर ठीक. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. प्रसूतिगृह गेलं तर निम्मं काम गेलं. शिवाय दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. दुसरी लाँड्री एकच होती, खालच्या रस्त्यावर, तिच्या थोरल्या जावेची. एके काळी दोघी याच अंगणात धूत होत्या. मग काहीतरी बिनसलं, शब्दाला शब्द लागला आणि थोरली वेगळी झाली. नऊ वर्षं झाली त्याला. समोरासमोर आल्याच तर दोघी दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जात.

रविवारी भर दुपारी थोरली अंगणात येऊन उभी राहिली. ना हाक, ना काही. टबापाशी जाऊन तिनं वास घेतला.

"ब्लीच बंद कर," ती म्हणाली.

"मजा बघायला आलात का, जाऊबाई?"

"ते नंतर भांडू. तुझ्या पाण्यात लोह आहे. पाण्यात असतं तोवर दिसत नाही, ब्लीच पडलं की त्याचा गंज होतो आणि कापडात बसतो. तू रोज हातानं गंज चढवते आहेस."

धाकटीच्या डोळ्यांसमोर तो ओतलेला कॅन आला. तिनं उरलेलं ब्लीच उचलून लांब ठेवलं, आणि कुणाचं ऐकणं तिच्या हातून फार क्वचित घडे, हे नवऱ्यानंही मान्य केलं असतं.

थोरलीनं तिला कामाला लावलं. पिंपांत उंचावरून पाणी ओतायचं, रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे हवा लागून लोह तळाशी बसतं, सकाळी वरवरचं तेवढं जाड कापडातून गाळून घ्यायचं. त्याच पाण्यात चादरी खळबळायच्या, ब्लीचचा वास पुरता जाईपर्यंत. "ब्लीच आणि लिंबूसत एकत्र आलं तर घुसमटून मरशील," असं बजावून मगच तिनं लिंबूसताची पुडी काढली. कोमट पाण्यात लिंबूसत, त्यात चादरी तासभर, मग पुन्हा निवळलेल्या पाण्यानं धुवायच्या. एवढं सांगून ती निघाली. धाकटीनं तिला बस म्हटलं नाही, साधं पाणीही विचारलं नाही. यात हिचा काय डाव आहे, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

सोमवारी सकाळी पिंपांच्या तळाशी तांबडा गाळ बसलेला होता. बुधवारी चादरी पांढऱ्याशुभ्र होऊन तारांवर चढल्या. नवरा इस्त्री सोडून बघायला आला आणि शहाण्यासारखा परत इस्त्रीकडे गेला.

गुरुवारी मेट्रननं चाळीसही चादरी मोजून, उलगडून घेतल्या.

"तुझी जाऊ म्हणाली तसंच झालं," ती म्हणाली. "शनिवारी इथून तडक तिच्याकडेच गेले होते, काम घेतेस का विचारायला. नाही म्हणाली. धुणारीचा दोष नाही, पाण्याचा आहे, गुरुवारपर्यंत थांबा म्हणाली. मी म्हटलं, बाई, आठ वर्षांपूर्वी अशाच पिवळ्या चादरींपायी मी तुझं काम काढून वरच्या लाँड्रीला दिलं, आणि आता ते परत येतंय तर नको म्हणतेस?"

प्रसूतिगृह आपल्या हाताच्या गुणामुळे आलं, असं धाकटी आठ वर्षं सगळ्यांना सांगत होती. थोरली वेगळी झाली ती नळ नसलेल्या घरात, नुसत्या विहिरीवर. त्या वर्षी तिच्या पिवळ्या कपड्यांवर सगळी गल्ली हसली होती, आणि त्यात धाकटीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ती तशीच खालच्या रस्त्यावर गेली. थोरली अंगणात एकटीच चादर पिळत होती. एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं हातात.

"जाऊबाई, ते काम तुमचं होतं."

"होतं."

"आणि मी तुम्हाला हसले होते."

"माहीत आहे. इथवर ऐकू यायचं."

"मग मला सांगायला का आलात?"

थोरलीनं पिळणं थांबवलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिने त्या चादरी घासत रडत होते मी. तुझीही तीच गत झालेली ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं."

धाकटीचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार कसे फेडू, ते मला कळत नाही," ती म्हणाली. नऊ वर्षांत इतकं खरं ती कुणाशीच बोलली नव्हती.

थोरलीनं खांबाची गाठ सोडली आणि ते टोक तिच्यापुढे धरलं.

"आधी हे धर," ती म्हणाली. "खांब काही उलटा पीळ देत नाही."