पोरीच्या डोक्याला लावलेला कौल

उंब्रजच्या गुंडामहाराजाच्या ओट्यापुढं तोबा गर्दी. सहा वर्षांच्या संयोगिताच्या कानामागं तो शेंदूर फासलेली टिकली लावायचा. चिकटली तर देवीचा होकार, पडली तर नकार.

"आवं, डोक्यातच आई बसलीया!" बायका हात जोडत होत्या. देवळात कौल लावायचा सोडून लोक तापलेल्या पोरीच्या डोक्याला लावत होते, आता बोला!

मी गावातला डॉक्टर. पोरगी जन्मतः बहिरी. सत्त्याण्णव साली पुण्यात ऑपरेशन करून तिच्या कानात यंत्र बसवलं आणि ती आवाजाला दचकायला लागली. पुढं कानामागं सूज आली, ताप चढला. तिथला पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. "आजच पुण्याला न्या," असं मी आठ दिवसांपूर्वीच तिच्या आईला, भामाबाईला, बजावलं होतं. तिनं आणली इथं. बाप सयाजी पलटणीत, लांब सीमेवर.

"दवाखान्यात न्यायची का गं आई?" महाराज किंचाळला. टिकली पडली. "न्हाई म्हणती!"

माझं टाळकंच सणकलं. "भामाबाई, यंत्राची चकती कुठाय?"

सूज आल्यापासून काढून ठेवलेली चकती तिनं पिशवीतून दिली. कानामागच्या कातडीखाली लोहचुंबक असतं, चकतीतही असतं, म्हणून ती डोक्याला धरून राहते. भामाबाई रोज स्वतःच्या हातानं ती लावायची, तरी फसली!

महाराजाचं टिकल्यांचं ताट ओढून मी एक टिकली चकतीला लावली. टक्कन चिकटली. दुसरी खाली पडली. शेंदूर खरवडला, तर पहिली लोखंडाची, दुसरी पितळेची.

"आई, ह्यो बाबा लबाड हाय का?" असं विचारून मी चकतीला लोखंडी टिकली लावली. टक्क! लोक खिदळले.

"डाक्टर, देवीची चेष्टा करू नगा!"

"देवीची न्हाई रं, तुझी करतोय."

भामाबाईनं पोरीला छातीशी धरलं. "माजी मती मारली गेली. गाडी बघा, डाक्टर."

पुण्यात पोरगी वाचली. यंत्र मात्र काढावं लागलं. आठ दिवस आधी नेली असती, तर कदाचित औषधावर भागलं असतं. गुंडामहाराज लोणंदला पळाला. सयाजी सुट्टीवर आला तेव्हा, हे कसं झालं ते सांगायला ओट्यापुढच्या त्या गर्दीतला एक मायेचा पूत पुढं आला नाही. शेवटी मीच सांगितलं. तो पोरीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिला.

बाबांनो, ऑपरेशन झालेल्या पोराच्या कानामागं सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. देवीला मागाहून सांगा. ती थांबते, पू थांबत नाही.