पाऊण इंच

“पाऊण इंच,” व्हर्नन हटोने दारावरच्या पाटीला पट्टी लावून वाचलं. “कायद्याला अख्खा एक इंच लागतो, बाई. आणि सुटी, ठळक अक्षरं. तुमचं हे वळणदार लिखाण कोर्टात चालायचं नाही.”

शर्टाखाली त्याच्या कमरेला पिस्तूल होतं. लागोपाठ तिसऱ्या दिवशी.

चौतीस वर्षं शिकवून ओर्लीनबाई निवृत्त झाल्या आणि स्वतःच्या मालकीच्या जुन्या बियाण्याच्या दुकानात वाचनात मागे पडलेल्या मुलांना बसवू लागल्या. खाजगी जागेत हत्यार नको असेल तर टेक्ससमध्ये मालकाने पाटी लावायची, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. बाईंनी दोन्ही मजकूर अर्ध्या गावाला शिकवलेल्या त्याच अक्षराला अक्षर जोडणाऱ्या वळणात लिहिले होते. व्हर्ननही तिसरीत तेच वळण गिरवून गेला होता. पट्टी धरायलाही त्यांच्याकडेच शिकला होता.

त्या पिस्तुलामुळे दोन आयांनी कालच मुलं काढून नेली होती. व्हर्ननच्या नातीला, आठ वर्षांच्या जोलीला, पिस्तुलाचं काही नव्हतं. दोन वर्षं पुस्तकाला हात न लावलेली ती पोर आज अकराव्या पानावर पोचली होती.

“पाटीनं कधी कोणाचा जीव वाचवलाय?” व्हर्नन म्हणाला. “उद्या कोणी माथेफिरू घुसला तर त्याला शुद्धलेखन घालणार का?”

“पट्टी शून्यापासून लावलीस ना?” बाईंनी विचारलं.

“लावली.”

“मग मोजलंस बरोबर. कलम मात्र अर्धंच वाचलंस. मालकाने तोंडावर सांगितलं तरी पुरतं. व्हर्नन, हत्यार घेऊन इथे यायचं नाही. गाडीत ठेवून ये, मग खुशाल बस.”

त्याचे कान लाल झाले. “नाही ठेवलं तर? माझ्यावर पोलीस बोलवाल?”

“बोलवीन.”

व्हर्ननने पट्टी टेबलावर टाकली आणि जोलीला दप्तर उचलायला सांगितलं. उद्यापासून यायचं नाही, हेही सांगितलं. जोलीचं बोट ओळीच्या मध्यावर थांबलं. बाईंना हे होणार हे ठाऊक होतं.

“ओळ पुरी कर, बाळा. मग जा.”

व्हर्नन उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. हरवलेलं खेचर कुंपणापाशी आलं, एवढं जोलीने अडखळत वाचलं. पुढचं पान तिने उलटलं नाही.

गाडी गेल्यावर बाईंनी पाटी उतरवली आणि कोऱ्या बाजूला एकेक इंचाच्या रेघा आखल्या. चौकोनी, ठळक अक्षरं. हात सारखा जुन्या वळणावर जात होता. पुस्तक अकराव्या पानावर तसंच उघडं होतं.