प्रांजलीचं पूर्ण नाव

"पूर्ण नाव सांग, माय."

"प्रांजली फवारणीवाले."

अंगणवाडीतली पोरं खिदळली. विचारणाऱ्या अंगणवाडीच्या विमलताई मात्र चरकल्या. पोरीचा बाप, राजदीप मुनेश्वर, गेल्या हंगामात दुसऱ्याच्या कपाशीवर औषध फवारताना विषबाधेने गेला होता. पोरीसमोर त्याचं नाव काढायचं नाही, असं वस्तीने मायेपोटी ठरवून टाकलं. मग 'फवारणीवाल्याची पोर' एवढंच तिच्या कानावर पडत राहिलं. असली माया काय कामाची! जूनमध्ये पोरगी पहिलीत जाणार, भरल्या वर्गात हेच सांगणार आणि ते तिला जन्मभर चिकटणार.

विमलताई भर उन्हात घरोघर फिरल्या. "अक्षरं मी शिकवीन. तिच्या बापाचं नाव तुमी शिकवा," त्यांनी बजावलं.

वस्ती कामाला लागली. हातपंपावर धुरपताबाई पोरीला अडवून तिचं पूर्ण नाव घोकायची. दुकानदार फुलचंद पूर्ण नावाने हाक मारूनच गोळी हातावर ठेवायचा. पोरगी नुसती मान खाली घालून उभी राही.

"काहून सांगत नाही वं?" विमलताईंनी एकदा तिला मांडीवर घेऊन विचारलं.

"माही माय तं कधीच नाही म्हणत तसं. तुमी सारे लबाड बोलून राह्यले."

पोरीच्या आईने, नलूने, नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं; बायका घेत नाहीतच. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता तिला उखाणा घ्यायला कोण सांगणार होतं? तरी विमलताईंनी मन घट्ट करून तिच्यापाशी विषय काढला.

"मले नाही जमत, ताई," नलू म्हणाली. "नाव घेतलं का ते डोयापुढं उभे राह्यतात." आणि विळा उचलून ती भाजीच्या मळ्यात तण निंदायला निघून गेली.

शाळेच्या पहिल्या दिवशी व्हरांड्यात मायबापांची दाटी झाली होती. विमलताईही आल्या होत्या. गुरुजींनी प्रांजलीला पूर्ण नाव विचारलं. ती आईकडे बघत राहिली. गुरुजींनी पुन्हा विचारलं.

नलूने डोक्यावरचा पदर सारखा केला. "राजदीप," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "प्रांजली राजदीप मुनेश्वर."

"प्रांजली राजदीप मुनेश्वर," पोरीने खणखणीत सांगितलं.

गुरुजींनी पुढच्या मुलाला बोलावलं. पोरगी वर्गात जाऊन बसली. नलू तिथेच उभी होती. कोणी विचारलं नव्हतं, तरी ती हलक्या आवाजात पुन्हा म्हणाली, "राजदीप."